पगार तासांवर, हप्ता तारखेवर

प्रश्न थोडक्यात असा : वाचक २९ वर्षांचे, एका प्रादेशिक विमान कंपनीत एटीआर ७२ या छोट्या प्रवासी विमानावर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक. घर पिंपळगाव बसवंतला, वडिलांची द्राक्षबाग, नोकरीचा बेस, म्हणजे ड्युटी जिथून सुरू होते ते शहर, हैदराबाद. पायलटच्या शिक्षणासाठी राहत्या घराच्या तारणावर काढलेल्या कर्जापैकी ४८ लाख अजून बाकी आहेत. व्याज ११ टक्के, हप्ता ६९,०००. गाडीचा हप्ता १७,५००. हातात येणारा पगार एखाद्या महिन्यात १,२४,०००, तर एखाद्या महिन्यात २,०२,०००. तुळशीच्या लग्नानंतर त्यांचं लग्न आहे आणि होणारी बायको नाशिकलाच नोकरी करते. वडिलांनी गंगापूर रोडला ७५ लाखांच्या फ्लॅटसाठी ५१,००० रुपये टोकन देऊनही टाकलंय. बाकीचा बेत असा : वाचकांनी साठवलेले साडेसात लाख, तेवढेच बागेचे, आणि ६० लाखांचं गृहकर्ज. बायको नाशिकला राहील, ते सुट्टीला येऊन-जाऊन करतील. त्यांचा सवाल : ‘पायलट असून महिनाअखेरीस हात आखडतो, म्हणजे मीच उधळ्या आहे का? आणि फ्लॅट घ्यावा की नाही?’

तुम्ही उधळे नाही, हे आधी सांगून टाकते. बारा महिन्यांची पगारपत्रकं आणि रोस्टर (ड्युटीचं वेळापत्रक) पत्रासोबत पाठवलीत हे फार बरं केलंत, निम्मं उत्तर त्यातच सापडलं. तुमच्या खर्चात मला खटकलेली एकच गोष्ट म्हणजे ती गाडी. मालक हैदराबादेत, गाडी पिंपळगावच्या शेडमध्ये आणि हप्ता मात्र दर पाच तारखेला न चुकता. तिच्याकडे नंतर येऊ.

पत्रात तुम्ही दोन-तीन ठिकाणी ‘माझा दोन लाखांचा पगार’ असं लिहिलंय. घरचेही तेच धरून चालले आहेत, नातेवाईक तर अडीच म्हणत असतील. पण तुमच्या करारात पगार दोन लाख नाही. पहिल्या ४० तासांचे पैसे ठरलेले, हातात १,२४,०००, उडालात तरी आणि नाही उडालात तरी. त्यापुढच्या प्रत्येक तासाला कर कापून साधारण १,५०० रुपये हातात येतात. ज्या महिन्यात २,०२,००० आले त्या महिन्यात तुम्ही ९२ तास उडाला होतात. तसाच प्रत्येक महिना गेला तर वर्षाचे १,१०४ तास होतील, आणि विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएचा नियम पायलटला कोणत्याही सलग ३६५ दिवसांत १,००० तासांच्या वर उडू देत नाही. म्हणजे ज्या महिन्याकडे बोट दाखवून तुम्ही ‘माझा पगार’ म्हणताय, तो बारा वेळा येणं कायद्यातच बसत नाही.

प्रत्यक्षात काय झालं? गेल्या बारा महिन्यांत तुम्ही ७४४ तास उडालात, महिन्याला सरासरी ६२. त्यातले चार महिने चाळिशीच्या आसपासच राहिले. वर्षभराची सरासरी १,५७,००० पडते. आकडा वाईट नाही, पण ती सरासरी आहे, आणि बँक हप्ता सरासरीने कापत नाही.

पायलट नसलेल्या वाचकांसाठी तुमच्या रोस्टरमधला एक दिवस इथे मांडते. पहाटे ४:४५ ला रिपोर्टिंग. हैदराबाद-कोल्हापूर, परत हैदराबाद, मग तिरुपती, परत हैदराबाद. १२:५५ ला सुटका. ड्युटी भरली आठ तास दहा मिनिटं, पण पैशांच्या हिशेबात धरले गेले पाच तास दहा मिनिटं. कारण तास मोजतात ते विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतचे, ज्याला तुम्ही लोक ब्लॉक टाइम म्हणता. प्रवासी उतरणं-चढणं, इंधन, कागद, हवामानाची वाट पाहणं, सगळं फुकटात. मोठ्या जेटवरचा पायलट एका उड्डाणात जेवढे तास जमवतो, तेवढ्यासाठी एटीआरवाल्याला तीन-चार वेळा चढउतार करावी लागते. शिवाय लँडिंग वाढली की दिवसाच्या ड्युटीची कमाल मर्यादाही खाली येते. त्यात कोल्हापूरला ढग उतरले किंवा एखाद्या पार्टसाठी विमान जमिनीवर अडकलं, की दिवस पूर्ण जातो आणि तास निम्मेच लागतात. जुलै-ऑगस्टच्या तुमच्या पगारपत्रकांत हेच दिसतंय.

म्हणून माझं पहिलं म्हणणं : तुमचा पगार १,२४,००० आहे. वर येतं ते पीक आहे, आलं तर आलं. पिंपळगावच्या माणसाला हे मी सांगावं म्हणजे कमालच. वडील एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी उसनवारी करून काढतात, माल निघतो जानेवारीनंतर, आणि मधेच एक अवकाळी सर येऊन मणी तडकवून जाते. सगळ्यात चांगल्या वर्षीचा भाव धरून त्यांनी कधी घरखर्च आखला असेल असं मला वाटत नाही. मुलाच्या पगाराची गोष्ट आली तेव्हा मात्र त्यांनीही चांगल्या वर्षीचाच भाव धरला. यात त्यांचा दोष कमी आणि ‘पायलट’ या चार अक्षरांचा जास्त आहे.

आता महिनाअखेरीस हात का आखडतो ते बघा. शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता ६९,०००, गाडी १७,५००, हैदराबादच्या खोलीचा तुमचा वाटा १६,०००, खाणंपिणं आणि बाकी किरकोळ २०,०००. झाले १,२२,५००. कमी उड्डाणाच्या महिन्यात शिल्लक राहतात १,५०० रुपये. त्यातून घरी काही द्यायचं, नाशिकच्या फेऱ्या करायच्या, बहिणीची ओवाळणी घालायची. ब्रह्मदेव आला तरी भागवू शकणार नाही.

यावर फ्लॅट चढवून बघू. ६० लाख, २० वर्षं, सव्वाआठ टक्के दराने हप्ता साधारण ५१,००० येतो. तिन्ही हप्ते मिळून १,३७,५००. कमी उड्डाणाच्या महिन्यात खोलीभाडं द्यायच्या आधीच १३,५०० रुपये खड्ड्यात. आणि सरासरी महिन्यातसुद्धा खोलीभाडं दिल्यावर जेवणखाण, प्रवास, फोन या सगळ्याला मिळून साडेतीन हजार उरतात. शिवाय बांधकाम चालू आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे ५ टक्के जीएसटी, ७५ लाखांवर ३,७५,०००. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी त्याच्यावर वेगळी. तुमच्या बेतात या पैशांना जागाच नाही.

‘पण बँक तयार आहे’ असं तुम्ही म्हणता. बँक तयार आहे कारण तिने वडिलांना सहकर्जदार धरलंय. पहिल्या कर्जाला राहतं घर तारण, दुसऱ्याला नवा फ्लॅट तारण, आणि दोन्हीकडे सही वडिलांची. तुमचे तास कमी झाले तर बँकेचं काही अडणार नाही, हे तिने नीट पाहिलंय. तुमचं अडेल का, हे पाहणं तिचं काम नाही.

आता ये-जा. पत्रात यावर तुम्ही एकच ओळ लिहिली आहे आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्या ओळीची वाटते. नाशिकच्या ओझर विमानतळावरून हैदराबादला विमान जातं म्हणून ओझर तुमचा बेस होत नाही. नियमाप्रमाणे तुम्हाला आठवड्याला सलग ४८ तासांची विश्रांती मिळते, तीत दोन स्थानिक रात्री आल्या पाहिजेत. १ जुलै २०२५ पर्यंत ती ३६ तासच होती, त्यामुळे आता बरीच ऐसपैस वाटते. पण समजा दुपारी एकला सुटलात. त्याच दिवशी ओझरचं विमान गाठता आलंच तर रात्री घरी. परतीचं तिकीट स्टाफचं, म्हणजे जागा उरली तर. सुट्टीच्या शेवटच्या विमानावर भरवसा ठेवून पहाटेचं रिपोर्टिंग चुकवायची तुमची हिंमत होणार नाही, होऊही नये. मग तुम्ही आधीचं विमान धराल. ते भरलेलं असलं तर रोख तिकीट काढाल. तेही नसलं तर नाशिकरोडहून देवगिरी, म्हणजे रात्र गाडीत आणि वर दुसऱ्या दिवसाचा बराच भाग. ४८ तासांतले घरात किती राहिले?

आणि ही विश्रांती नियमाने दिली आहे ती झोपण्यासाठी. ती प्रवासात घालवून पहाटे पावणेपाचला कॉकपिटमध्ये बसणं हा घरगुती अडचणीचा विषय राहत नाही, मागे सत्तर माणसं बसलेली असतात. तंदुरुस्त नसाल तर ड्युटी न स्वीकारणं ही तुमचीच जबाबदारी आहे, आणि ‘फटीग’ (थकवा) म्हणून कळवलं की त्या दिवसाचे तास गेले. म्हणजे ये-जा तिकिटाइतकीच पगारातूनही खाते. स्टँडबायच्या दिवशी तर नाशिकला असून उपयोगच नाही, फोन आला की ठरलेल्या वेळात विमानतळावर पोहोचायचं असतं.

हे सगळं तुमच्या होणाऱ्या बायकोला माहीत आहे का? तुमच्या पत्रात वडील आहेत, बिल्डर आहे, बँक आहे, मुलीकडचे ‘स्वतःचं घर हवं’ म्हणाले तेही आहे. ती स्वतः काय म्हणते याबद्दल एक अक्षर नाही. कदाचित तिला तीन वर्षं नाशिकची नोकरी सोडायची नसेल, कदाचित हैदराबादला यायला ती एका पायावर तयार असेल, कदाचित ‘स्वतःचं घर’ ही अट तिची नसून तिच्या मामांची असेल. गेल्या तीन महिन्यांची रोस्टर घेऊन तिच्यासोबत कॉलेज रोडला कुठेतरी तासभर बसा. ‘मी दर आठवड्याला येईन’ असं सांगू नका, यातले कोणते दिवस घरी येता आले असते ते दोघं मिळून पेन्सिलीने खुणा करून मोजा. महिन्याला दोन खुणा झाल्या तर त्या दोनावर संसार कसा मांडायचा, हे ठरवायला ती तुमच्याइतकीच समर्थ आहे. कंपनीकडे सुट्ट्या जोडून मागता येतात का आणि पुणे-मुंबईकडचा बेस मिळण्याची शक्यता आहे का, हे त्याआधी रोस्टरिंगला विचारून घ्या, म्हणजे तिच्यासमोर खरे पर्याय ठेवता येतील.

भाड्याच्या घरात सून कशी आणायची, हा वडिलांचा प्रश्न मला कळतो. त्याच भागात १७,००० भाड्याने घर मिळतंय असं तुम्हीच लिहिलंय. आता गाडीकडे येऊ. गाडीचा हप्ता आणि त्या घराचं भाडं जवळपास सारखं आहे. गाडी विका, किंवा ती मार्केट यार्डात न्यायला वडिलांना खरंच लागत असेल तर हप्ता बागेच्या हिशेबात जाऊ द्या. मग १,२४,००० मध्ये कर्ज, हैदराबादची खोली, तुमचा खर्च आणि नाशिकचं भाडं, सगळं बसतं, वर दोन हजार उरतात. तिचा पगार मी यात धरलेला नाही. तो धरायचा की नाही हे तिच्यासोबत ठरेल.

साडेसात लाखांना तर अजिबात हात लावू नका. तुमचा सध्याचा आवश्यक खर्च १,२२,५००, सहा महिन्यांचे होतात ७,३५,०००. तुम्ही नकळत जो निधी साठवलाय तो बरोबर एवढाच आहे, आणि तोच बुकिंगला द्यायला निघालात. सहा महिने का, तर तुमचा व्यवसाय तसा आहे. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये, ओझरला येणारी ट्रूजेट २०२२ मध्ये. पगार थकायला सुरुवात बहुतेक वेळा विमान थांबण्याच्या आधीच होते. छोटी शहरं जोडणाऱ्या सरकारी उडान योजनेतल्या मार्गांना मिळणारा व्यवहार्यता तफावत निधी, म्हणजे तोटा भरून काढणारी मदत, ठरावीक काळापुरताच असतो, पुढे मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहिला तर राहिला. ओझरहून किती मार्ग सुरू झाले आणि किती गुपचूप बंद पडले, हे नाशिककरांना वेगळं सांगायला नको. त्यात तुमचं टाइप रेटिंग, म्हणजे ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याची परवानगी, एटीआरचं. देशात एटीआर उडवणाऱ्या कंपन्या मोजक्याच आहेत, इंडिगो, अलायन्स एअर, फ्लाय९१ अशा. उद्या दुसरी नोकरी शोधायची वेळ आली तर दारं कमी, आणि दुसऱ्या विमानाचं रेटिंग पुन्हा पैसे मागणार.

कंपनी ठणठणीत असली तरी तुमचं शरीर आहेच. क्लास वन मेडिकलमध्ये, म्हणजे पायलटच्या ठरावीक वैद्यकीय तपासणीत, तात्पुरतं अनफिट ठरायला मोठा आजार लागत नाही, बॅडमिंटन खेळताना मोडलेलं मनगट पुरतं. त्या काळात ४० तासांचे ठरलेले पैसे मिळतात की तेही बंद होतात, हे तुमच्या करारात वाचा, आजच. कंपनीचा लॉस ऑफ लायसन्स विमा (आजारपणामुळे परवाना गेला तर पैसे देणारा) आहे का, तो तात्पुरत्या अनफिटला लागू होतो की फक्त कायमच्या, आणि किती रकमेचा, हेही. साधा टर्म विमा तर तुमच्याकडे आहे असं पत्रावरून दिसत नाही. ४८ लाखांचं कर्ज, तारण आईवडिलांचं राहतं घर, आणि विमा नाही! या महिन्यात दुसरं काही जमलं नाही तरी हे करा. अर्जात पायलट असल्याचं स्पष्ट लिहा. हप्ता थोडा वाढला तर वाढू द्या, पण लपवलेली माहिती ऐन वेळी घरच्यांच्या अंगावर येते.

पैसे फिरवायची रीत सोपी ठेवा. पगार एका खात्यात येऊ द्या आणि त्या खात्याचं कार्ड घरी ठेवून द्या. दर महिन्याच्या एक तारखेला तिथून १,२४,००० दुसऱ्या खात्यात वळते होतील अशी सूचना बँकेला द्या, हप्ते आणि खर्च फक्त दुसऱ्यातून. ९२ तासांचा महिना असो की ३८ चा, तुमच्या हातात तेवढेच. गेल्या वर्षीसारखे तास मिळाले तर पहिल्या खात्यात वर्षाकाठी चारेक लाख मागे राहतील. त्यातले लाखभर लग्न, मेडिकल, एटीपीएलच्या (कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या परवान्याच्या) परीक्षा अशा ठोक खर्चांना ठेवा, बाकी तीन लाख कर्जात भरा. आज तुमच्या ६९,००० च्या हप्त्यातले ४४,००० नुसते व्याजात जातात. तीन लाख मुद्दलात गेले की वर्षाला ३३,००० रुपये व्याज वाचायला लागतं, खात्रीने. गंगापूर रोडचे भाव वाढतील असं बिल्डर म्हणतो तेही खरं असेल, पण त्याची खात्री तो लिहून देणार नाही. तुमचं कर्ज बदलत्या दराचं असेल तर मुदतीआधी फेडण्याचा दंड बँकेला लावता येत नाही.

याच कर्जाच्या कागदावर ‘शैक्षणिक कर्ज’ लिहिलंय की ‘मालमत्ता तारण कर्ज’, तेही पाहा. शैक्षणिक असेल तर व्याजाची पूर्ण वजावट आठ वर्षं मिळते, पण फक्त जुन्या करपद्धतीत. दोन्ही पद्धतींनी हिशेब करून द्यायला सीएला सांगा. कंपनीच्या पगार विभागाने आपोआप नवी पद्धत धरली असेल.

शेवटच्या ओळीत तुम्ही जाता जाता विचारलंय की जेटवाल्या मोठ्या कंपनीत जावं का. त्याचा खरा विचार कॅप्टन होण्याच्या आधी करायचा असतो. फर्स्ट ऑफिसरचा नोटीस काळ सहा महिने, कमांडरचा म्हणजे कॅप्टनचा बारा. तुमचे १,१०० तास झालेत, एटीपीएलला १,५०० लागतात, म्हणजे वर्षा-दीड वर्षात कमांडचं बोलणं सुरू होईल. एटीआरवर लवकर कॅप्टन व्हायचं, की जेटवर पुन्हा उजव्या सीटवर बसून रांगेत थांबायचं, यात दोन्हीकडे तोलण्यासारखं आहे. सध्याच्या बॉण्डची, म्हणजे मुदतीआधी नोकरी सोडल्यास भरायची, रक्कम दर महिन्याला कमी होते की शेवटच्या दिवसापर्यंत तेवढीच राहते, हे कळल्याशिवाय मी त्यात पडणार नाही. मात्र गंगापूर रोडचा हप्ता डोक्यावर असेल, तर हा निर्णय तुम्ही घेणारच नाही, हप्ता घेईल.

राहिलं टोकन. वडिलांशी भांडू नका, त्यांना वरचा १,३७,५०० चा हिशेब कागदावर दाखवा, ते बागायतदार आहेत, आकडा लगेच कळेल. बिल्डरकडून वाटपपत्र मिळालंय का विचारा आणि बुकिंग रद्द केल्यास किती कापणार, ते कलम वाचा. जितके दिवस लावाल तितकी कपात वाढायची शक्यता असते, म्हणून बोलणी लग्नाच्या खरेदीपर्यंत लांबवू नका. रद्द करतोय हे लेखी कळवा आणि पोच घ्या. नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम त्याला रेरा कायद्याने घेता येत नाही, तेव्हा ‘आधी पंधरा लाख भरा, मग बोलू’ असं म्हणाला तर हे त्याच्या कानावर घाला. ५१,००० तले काही हजार गेले तर जाऊ द्या.